शीर बांधली, दाबाचं काय?

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या एखाद्या माणसाला रात्री अचानक रक्ताची उलटी होते. आधी दोन दिवस शी डांबरासारखी काळी झालेली असते, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. मिळेल त्या गाडीने त्याला नगरला आणतात. दुर्बीण टाकली की दिसतं, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला शिरा फुगून आत आल्या आहेत आणि त्यातली एक फुटली आहे. डॉक्टर रबर बँड लावतात, रक्त थांबतं. चार-पाच दिवसांत माणूस घरी जातो. घरच्यांना वाटतं, संकट टळलं. खरं तर तिथून पुढचं वर्षच सगळ्यात धोक्याचं असतं, कारण हा रक्तस्राव परत परत होणारा आहे.

तो परत होऊ नये म्हणून दुर्बिणीतूनच दिला जाणारा एक उपचार गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळ्या रूपांत पुढे आला: आधी लेझर, नंतर आर्गॉन प्लाझ्मा. आर्गॉन देताना पडद्यावर निळसर-जांभळा प्रकाश चमकताना दिसतो, म्हणून नातेवाईक त्यालाही 'लेझर'च म्हणतात. हा उपचार आपल्या जिल्ह्यातल्या माणसाच्या किती कामाचा, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांमागे विचार आहे.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले दोघे प्रातिनिधिक आहेत, मुद्दे मात्र वैद्यकातले आणि या मातीतले आहेत. एक, तालुक्याच्या गावी आयुष्यभर प्रॅक्टिस केलेले फिजिशियन. दुसऱ्या, एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आणि आता नगर शहरात पोटविकारतज्ज्ञ असलेल्या डॉक्टर. त्यांना सर आणि मॅडम म्हणू.

सर : मला आधी एवढंच सांग, बँड लावून रक्त थांबलेल्या रुग्णाला तू आणखी आर्गॉन कशासाठी द्यायचं म्हणतेस? शीर तर बांधली ना?

मॅडम : सर, बांधलेली शीर सुकते, पण तिच्या शेजारी बारीक शिरांचं जाळं असतं, ते राहतं. बँड मोठ्या शिरेला पकडतो. शिरा पूर्ण गेल्या असं आपण जाहीर करतो, आणि सहा महिन्यांनी दुर्बीण टाकली की त्याच जागी नव्या शिरा डोकं वर काढताना दिसतात. हे आपण दोघांनीही पाहिलं आहे. मला ती जागाच अशी करून टाकायची आहे की तिथे नवी शीर फुगायला मऊ अस्तर उरणार नाही.

सर : म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या बाजूला तू मुद्दाम भाजतेस.

मॅडम : हो, पण वरवर आणि मोजून. बँडिंगच्या बैठका पूर्ण होतात, शिरा दिसेनाशा होतात, बँडचे व्रण भरून येतात, त्यानंतरच. जठराच्या तोंडापासून वर चार-पाच सेंटिमीटरचा पट्टा घ्यायचा. दुर्बिणीतून एक बारीक नळी पुढे येते, तिच्यातून आर्गॉन वायू सुटतो आणि टोकाशी उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह असतो. नळी भिंतीला टेकवायची नाही, काही मिलिमीटर दूर धरायची. पायाखालचं पेडल क्षणभर दाबलं की वायू विद्युतभारित होतो, जांभळी ठिणगी भिंतीवर उतरते आणि तेवढा ठिपका पांढरा पडतो. मग पुढचा ठिपका. असं गोल फिरत सगळा पट्टा पांढरा करायचा. काही आठवड्यांत तिथलं अस्तर पडतं आणि खाली घट्ट, तंतुमय थर तयार होतो.

सर : मग हा प्रकाशाचा उपचार नाहीच. काम करते ती वीज.

मॅडम : बरोबर. दिसतो तो प्रकाश, भाजते ती वायूतून वाहणारी वीज. खरा प्रकाशाचा उपचार म्हणजे लेझर. 1970च्या दशकात जर्मनीत आणि इतरत्र पोटातल्या रक्तस्रावावर लेझर वापरायला सुरुवात झाली, अन्ननलिकेच्या शिरांवरही तो वापरून पाहिला. वाहतं रक्त थांबायचं. पण लेझरचा किरण खोल जातो, किती खोल गेला याचा अंदाज चुकला तर भिंतीला भोक पडण्याची भीती, आणि यंत्रं अवाढव्य, महाग. शिरा कायमच्या घालवण्याच्या कामात तो टिकला नाही. 1990च्या सुमारास जर्मनीतल्याच ट्युबिंगेनच्या डॉक्टरांनी आर्गॉन प्लाझ्मा दुर्बिणीतून वापरण्याजोगा केला. याची मोठी सोय म्हणजे भाजलेल्या भागातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ठिणगी आपोआप शेजारच्या न भाजलेल्या भागाकडे सरकते. खोली दोन-तीन मिलिमीटरच्या आत राहते.

सर : आता माझं ऐक. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हा आजार समजावताना मी पाटाचा दाखला देतो. मुळा, प्रवरेच्या पाटाखाली राहणाऱ्याला तो लगेच कळतो. आतडी, जठर आणि प्लीहेकडून येणारं सगळं रक्त पोर्टल शिरेने यकृतात जातं. यकृत कडक झालं, म्हणजे पाटाचं पुढचं गेट गंजून अर्धवट बंद पडलं. मागून आवर्तन सुरूच आहे. पाणी तुंबतं आणि कच्च्या चाऱ्यांत घुसतं. अन्ननलिकेच्या शिरा म्हणजे अशी कच्ची चारी, एवढ्या पाण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती. ती फुटली, तू बँडने बुजवलीस. आता आर्गॉनने तिच्या काठाला अस्तर करणार आहेस. पण गेट उघडलं का? आवर्तन कमी केलं का? पाणी दुसरी चारी शोधणार. जठराच्या वरच्या भागातल्या शिरा फुगतील, आणि त्या फुटल्या तर आवरायला आणखी अवघड.

मॅडम : दाबाचा मुद्दा मान्य.

सर : नुसता मान्य म्हणून पुढे जाऊ नकोस, तोच मूळ मुद्दा आहे. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांतल्या दाबाचा फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपर्यंत असतो. 10 झाला की शिरा तयार होऊ लागतात, 12च्या वर गेला की त्या फुटू शकतात. हा आकडा खाली आणणारं औषध आपल्याकडे आहे. प्रोप्रॅनोलॉल. जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात ते हृदयासाठी तयार केलं. 1981 साली पॅरिसच्या डिडिये लब्रेक यांनी दाखवलं की एकदा रक्तस्राव झालेल्या, पण प्रकृती बऱ्यापैकी असलेल्या सिरोसिसच्या रुग्णांना हे औषध दिलं तर वर्षभरात 96 टक्के लोकांना पुन्हा रक्तस्राव झाला नाही. औषध न दिलेल्या गटात असे फक्त 50 टक्के होते. आता कार्व्हेडिलॉलही आहे. स्वस्त गोळी. तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळते.

मॅडम : आणि ती गोळी किती जण घेतात, सर? रक्ताची उलटी थांबली, जेवण जाऊ लागलं, अंगात ताकद आली की माणूस गोळी बंद करतो. त्याला काही दुखत नसतं. उलट गोळीने थकवा येतो, नाडी मंदावते, चक्कर येते. दमा असलेल्याला ती देता येत नाही. पोटात खूप पाणी झालेलं आणि रक्तदाब आधीच खाली, अशा रुग्णाची मात्रा कमी करावी लागते, कधी थांबवावी लागते. गोळी जिथे पोचत नाही तिथे माझ्या हातात काय आहे, हा माझा प्रश्न आहे.

सर : बँडिंग आहे.

मॅडम : आहे, आणि ते माझं रोजचं काम आहे. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी, टोपीवर ताणून बसवलेले सहा-सात बँड. शीर टोपीत ओढून घ्यायची, पडदा लालभडक झाला की चक्री फिरवायची, बँड सुटतो आणि शिरेचा जांभळा गोळा मुळाशी आवळला जातो. डेन्व्हरच्या ग्रेग स्टीगमन यांनी 1980च्या दशकात मूळव्याधीच्या बँडवरून ही युक्ती उचलली. त्याआधी सुईने औषध टोचून शिरा कडक करत, 1939मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेली ती पद्धत. 1992मध्ये दोन्हींची तुलना झाली, तेव्हा बँडिंग तिच्यापेक्षा सुरक्षित ठरलं. पण बँडिंग एका बैठकीत संपत नाही. दोन ते चार आठवड्यांनी परत, शिरा संपेपर्यंत. साधारण तीन-चार बैठका. मग तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि पुढे दर सहा-बारा महिन्यांनी, जन्मभर. आपल्याकडचा ऊसतोड कामगार हे कसं करणार?

सर : ते मला सांगू नकोस, माझी निम्मी ओपीडी त्यांचीच आहे.

मॅडम : म्हणूनच तुम्हाला सांगते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा गेला नाही तर उचल फिटणार नाही, म्हणून तो जातोच. पाच-सहा महिने उसाच्या फडात, कोपीत. तिथून तो माझ्याकडे बँडिंगला येणार नाही. या माणसाच्या शिरा मी संपवल्या, तरी तपासणीला तो वर्षभराने उगवणार. मधल्या काळात नव्या शिरा फुगू नयेत म्हणून अस्तर घट्ट करून पाठवलं तर त्यात गैर काय? इटलीतल्या डॉक्टरांनी 2002मध्ये 30 रुग्णांवर हे करून पाहिलं. बँडिंग पूर्ण झाल्यावर 16 जणांना आर्गॉन दिला. न दिलेल्या 14 जणांपैकी 6 जणांत शिरा परत आल्या, दिलेल्यांमध्ये कुणाच्याच आल्या नाहीत. त्याच सुमाराला जपानमधल्या 60 रुग्णांच्या अभ्यासातही, दोन वर्षांनंतर शिरा परत न आलेल्यांचं प्रमाण आर्गॉनच्या गटात बरंच जास्त होतं.

सर : तीस आणि साठ. एवढ्या थोड्या लोकांवरून मी जिल्ह्याचं धोरण ठरवणार नाही. शिवाय शिरा परत दिसणं वेगळं आणि माणूस दगावणं वेगळं. आर्गॉनमुळे माणसं जास्त जगली, असं या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. ताप येतो, छातीत दुखतं, घास गिळताना अडकतो, क्वचित अन्ननलिका अरुंद होते. इटलीतल्या बावेनो गावी 1990मध्ये सुरू झालेल्या बैठकांमधून जगभरचे यकृततज्ज्ञ या आजाराचे नियम ठरवतात. 2021च्या सातव्या बैठकीनंतरही दुसऱ्या रक्तस्रावापासून बचावाचा पहिला मार्ग तोच राहिला, गोळी आणि बँडिंग, दोन्ही एकत्र. आर्गॉन त्या पहिल्या मार्गात नाही. आणि तुझ्या ऊसतोड कामगाराच्या उदाहरणात एक मोठी अडचण आहे. तुला दिसली का?

मॅडम : कोणती?

सर : आर्गॉन कधी देणार? बँडिंग पूर्ण झाल्यावर. म्हणजे जो माणूस बँडिंगच्या बैठकांना येऊ शकत नाही, तो आर्गॉनपर्यंत पोचतच नाही. भाद्रपदात ज्याला रक्तस्राव झाला त्याच्या तीन-चार बैठका दिवाळीपर्यंत संपत नाहीत. तो दुसऱ्या बैठकीनंतरच फडावर जातो, आणि त्याच्या शिरा अर्धवट असतात. तुझ्या उपचाराने त्याला काही मिळत नाही. त्याला मिळालं तर माझ्या गोळीने मिळेल, सोबत पाच महिन्यांच्या गोळ्या दिल्या तर.

मॅडम : ही अडचण खरी आहे. पण तिच्यातून दुसरीच गोष्ट पुढे येते. टोळ्या गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत सहा महिने माणूस गावात असतो. ज्यांना पूर्वी रक्तस्राव झाला आहे, त्यांच्या सगळ्या दुर्बिणी त्या काळात पूर्ण झाल्या पाहिजेत. आपण तारखा देतो त्या आपल्या ओपीडीच्या सोयीने. त्या गाळप हंगामाकडे बघून दिल्या पाहिजेत.

सर : हे बोललीस ते मला पटलं. पाडव्याला यादी काढायची, दसऱ्याला बंद करायची. दसऱ्यानंतर ज्याच्या शिरा शिल्लक आहेत त्याला टोळीबरोबर पाठवताना हातात चिठ्ठी, गोळ्या आणि फडाजवळच्या मोठ्या रुग्णालयाचं नाव. आणि ही यादी सांभाळणार कोण, ते मी सांगतो. जामखेडला 1970मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काय केलं? गावातल्याच बाईला शिकवलं, जिला कधी कुणी विचारलं नव्हतं तिला. तिने बाळंतपणं, लसी, कुष्ठरोगाची औषधं सांभाळली. 1979मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्या कामाला. आज आशाताई आहेत. क्षयाची गोळी घेतली का हे आशाताई विचारते, तसं शिरांच्या रुग्णाच्या घरी जाऊन ती विचारू शकते. शी काळी झाली का? गोळी चालू आहे का? अंगदुखीची गोळी परस्पर घेतली का?

मॅडम : अंगदुखीच्या गोळ्यांचं तुम्ही बोललात ते फार महत्त्वाचं. दिवसभर कोयता चालवून कंबर मोडते. गावातल्या दुकानातून लाल-पिवळी गोळी आणायची, दोन दिवस खायची. जठराला जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि फुगलेल्या शिरा असलेल्याच्या जिवावर बेततं.

सर : आणि काविळीची माळ. यकृत बिघडलेला माणूस आपल्याकडे येण्याआधी चार ठिकाणी माळ घालून, पाला पिऊन आलेला असतो. त्यात महिने जातात.

मॅडम : पण सर, आता मला तुमच्याशी वाद घालायचा आहे, दुसऱ्या बाजूने. वॉर्डात आल्यावर पहिला प्रश्न असतो, 'दारू पितो का?' तो ज्या सुरात विचारला जातो त्या सुरानेच रुग्ण गप्प होतो. बायको खोटं बोलते, कारण तिला वाटतं खरं सांगितलं तर उपचार करणार नाहीत. आणि प्रत्येक फुगलेली शीर दारूचीच नसते. मधुमेह आणि लठ्ठपणातून येणारं फॅटी लिव्हर आहे. हिपॅटायटिस बी आणि सी आहे, ज्याची तपासणी आणि औषधं 2018पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. लहान मुलांत पोर्टल शीरच बंद झालेली असते, यकृत चांगलं असतं. अशा पोराला रक्ताची उलटी झाली की गावात कुजबुज त्याच्या बापाबद्दल होते.

सर : मान्य. प्रश्न विचारलाच पाहिजे, पण आरोपीला विचारतात तसा नाही. तरीही दारूवर मी गप्प बसणार नाही. जेवढ्यांचं कारण दारू आहे, तेवढ्यांचं गेट दारू बंद केल्यानेच थोडं उघडतं. सिरोसिस झाल्यावरसुद्धा दारू सोडली तर दाब उतरू शकतो, पोटातलं पाणी कमी होऊ शकतं, आयुष्य वाढतं. तू आर्गॉन दिलास आणि तो माणूस संध्याकाळी अड्ड्यावर गेला, तर तुझी सगळी मेहनत पाण्यात. आपला जिल्हा उसाचा, मळीचा, दारूचाही. आणि दारूविरुद्ध उभं राहणाऱ्यांचाही. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला 1975नंतर अण्णा हजारे यांनी गावातल्या भट्ट्या बंद करवल्या. हिवरे बाजारच्या नियमांतही नशाबंदी होती. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी बाटली'ला मत दिलं तर दुकान बंद होतं, हा नियम राज्यात आहे. या तिन्ही गोष्टी अन्ननलिकेतला रक्तस्राव रोखण्याचेच उपचार आहेत.

मॅडम : आहेत. पण ज्याचं गाव राळेगण झालेलं नाही, त्याला आज रात्री रक्ताची उलटी होते. तुमचा उपचार पिढीचा आहे, माझा बारा तासांचा. पहिला रक्तस्राव झाल्यावर सहा आठवड्यांत शंभरातले 15 ते 20 जण जातात. त्यांच्यासाठी दुर्बीण बारा तासांच्या आत झाली पाहिजे. त्याआधी शिरेतून दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. रक्त द्यायचं तेही बेताने, हिमोग्लोबिन 7 ते 8च्या आसपास ठेवून. जास्त रक्त चढवलं की शिरांतला दाबही चढतो.

सर : मग यंत्र घ्यायला पैसे असतील तर आधी कशावर खर्च करायचे, ते सांग. जामखेडहून नगर सुमारे 75 किलोमीटर, अकोले त्याहून लांब. राज्यातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा आपला, 17 हजार चौरस किलोमीटर, 14 तालुके. लोणीला प्रवरेचं ग्रामीण रुग्णालय आहे, विळद घाटात मेडिकल कॉलेज आहे, नगरला सिव्हिल आहे. पण ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता टर्लिप्रेसिनचं इंजेक्शन मिळतं का, 108ची गाडी वेळेत येते का, रक्त मिळतं का, हे माझे आधीचे प्रश्न आहेत. आर्गॉन त्यानंतर.

मॅडम : क्रम तुमचा मान्य, पण यंत्राला नावं ठेवू नका. आर्गॉन या एकाच कामाचा नाही. सिरोसिसच्या काही रुग्णांच्या जठराच्या खालच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे लाल पट्टे येतात आणि रक्त थेंबथेंब झिरपत राहतं. त्यांना दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. तिथे तुमच्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीचा उपयोग होत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या बाईला गुदाशयातून रक्त जातं. या दोन्ही ठिकाणी आर्गॉन हा मान्य, रोजच्या वापरातला उपचार आहे. अन्ननलिकेच्या शिरांसाठी तो अजून चाचणीच्या पायरीवर आहे, हे मी रुग्णाला स्पष्ट सांगेन. पण त्या पायरीवर आपल्याच जिल्ह्यातली नोंद का नसावी?

सर : आता मुद्द्यावर आलीस. नोंद ठेवणार असशील तर मी माझे रुग्ण तुझ्याकडे पाठवतो. पण तीन अटी. ज्याच्या शिरा बँडने पूर्ण गेल्या आहेत त्यालाच. गोळी चालत असेल तर ती बंद करायची नाही, आर्गॉन तिच्या जोडीला. आणि नातेवाईकांना 'आता परत होणार नाही' असं एकदाही म्हणायचं नाही.

मॅडम : तिन्ही मान्य. माझी एक अट. गोळी न सोसणारा, दम्याचा, किंवा येणं खरोखर अशक्य असलेला रुग्ण तुमच्या दारात आला, तर 'हे शहरातलं फॅड आहे' म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. मला निदान फोन करायचा.

सर : करीन. पण माझं मत बदललं असं समजू नकोस. दाबावर काम करणारा उपचार तो उपचार, बाकी सगळं डागडुजी.

मॅडम : आणि माझं मत असं की ज्याच्या दाबावर आज आपला इलाज चालत नाही, त्याला नीट केलेली डागडुजीही जगवते.

संवाद इथे थांबतो, मतभेद थांबत नाहीत. माझं मत सरांच्या बाजूला झुकतं. प्रकाशाच्या झोतातून, मग विजेच्या ठिणगीतून हा रक्तस्राव रोखण्याचा प्रयत्न जर्मनीपासून जपानपर्यंत गुणी डॉक्टरांनी केला आणि त्यातून हाती आलं ते उपयोगी आहे. तरी त्या प्रत्येक शोधाला एक गोष्ट गृहीत धरावी लागली: रुग्ण परत येतो. आपल्याकडे नेमकं तेच गृहीत धरता येत नाही. एकदा रक्तस्राव झालेल्या माणसाला पुढचे उपचार मिळाले नाहीत, तर वर्ष-दोन वर्षांत शंभरातल्या साठ जणांना तो परत होतो. त्या साठ जणांना आर्गॉन मिळाला नाही, ही त्यांची पहिली अडचण नाही. त्यांची दुसरी बैठक हुकली, गोळी संपली आणि कुणी विचारायला गेलं नाही, इथे ते हरले.

ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराने काही गोष्टी आजच कराव्यात. पुढच्या दुर्बिणीची तारीख कागदावर लिहून घ्यावी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नये, चक्कर आली किंवा दम लागला तर फोन करून विचारावं. अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये. शी काळी, चिकट, डांबरासारखी झाली तर उलटीची वाट न बघता 108ला फोन करावा. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. दारू हे कारण असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये आणि घरातल्या कुणी त्यावरून रुग्णाला हिणवूही नये. सोडायला मदत लागते, आणि ती मिळते.

आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक दुर्बीण केंद्राने, सरकारी असो वा खासगी, एक साधी वही ठेवावी. पहिल्या बँडिंगला किती जण आले, दुसऱ्याला किती, तिसऱ्याला किती, आणि जे आले नाहीत त्यांच्या तालुक्याचं नाव. पाडव्याला ती वही उघडून गळालेल्यांची नावं तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावीत, म्हणजे आशाताई त्यांच्या दारात जाईल आणि दसऱ्याच्या आत त्यांना परत आणता येईल. आर्गॉन द्यायचा की नाही, हा वाद त्या वहीतले आकडे हातात घेऊनच पुढे जाईल. ती सुरू करायला कुठल्या नव्या यंत्राची वाट बघायची गरज नाही.